नाडी थांबलेला तरुण आणि कुलूपबंद नॅलॉक्सोन: पेडणे तालुक्यातील एक प्रकरण

पार्श्वभूमी

रुग्ण गोव्याच्या पेडणे तालुक्यातलाच, विशीतला. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि आरोग्य केंद्राचे नाव मुद्दाम दिलेले नाही. त्या रात्री मी तिथे नव्हतो. नंतर झालेल्या प्रकरण चर्चेसाठी केसपेपर, रुग्णवाहिकेची नोंद आणि मित्रांचे सांगणे एकत्र लावण्याचे काम माझ्याकडे होते.

मुलगा किनाऱ्यावरच्या एका शॅकच्या स्वयंपाकघरात कामाला होता. ऑक्टोबरला हंगाम सुरू झाला की मेअखेरपर्यंत रात्री एक-दीडपर्यंत काम, पावसाळ्यात रिकामपण. दोन वर्षांपासून ब्राउन शुगर (भेसळीचे हेरॉइन) घेत होता. आधी चांदीवर ओढून, मग सुईने. दिवाळीनंतर घरच्यांनी त्याला सीमेपलीकडच्या एका व्यसनमुक्ती केंद्रात ठेवले. तिथे पाच-सहा आठवडे काहीही मिळाले नाही. परत आला तेव्हा वजन वाढले होते, चेहऱ्यावर तकाकी होती आणि आईच्या मते पोरगा सुधारला होता.

वैद्यकीय दृष्टीने पाहिले तर तो आधीपेक्षा जास्त धोक्यात होता. रोज ओपिऑइड (हेरॉइन, मॉर्फिनसारखे अफूच्या जातीचे पदार्थ) घेणाऱ्या शरीराला त्या मात्रेची सवय होते. मेंदूच्या तळाशी असलेले श्वासाचे केंद्र त्या दडपणाखालीही काम चालू ठेवायला शिकते. काही आठवडे खंड पडला की ही सवय झपाट्याने उतरते. जुन्या मात्रेची आठवण मात्र पुसली जात नाही. तुरुंगातून किंवा बंद केंद्रातून सुटल्यानंतरचे पहिले काही आठवडे ओव्हरडोसने मृत्यू होण्याच्या दृष्टीने सर्वांत वाईट मानले जातात, ते यामुळेच. हे त्या केंद्रातून सोडताना घरच्यांना कोणीही सांगितलेले नव्हते.

खोलीतला पाऊण तास

डिसेंबरमधला शनिवार. शॅक लवकर आटोपला. खोलीवर तिघे मित्र होते. साडेअकराला बीअर झाली, अल्प्राझोलाम या झोपेच्या औषधाच्या दोन गोळ्या झाल्या आणि बारा वाजून दहा मिनिटांनी त्याने सुई घेतली. साडेबाराला तो भिंतीला टेकून घोरत होता. 'झोपलाय तो, घोरतोय बघ, राहू दे,' असे एक जण म्हणाला आणि बाकीच्यांनी मोबाइलवर मॅच लावली.

या घोरण्यावर थोडे थांबायला हवे. ओपिऑइड घेतलेला माणूस जड, खरखरीत, मध्ये मध्ये खंड पडणारा घोरण्याचा आवाज काढतो तेव्हा ती झोप नसते. जीभ मागे पडून श्वासमार्ग अर्धा बंद झालेला असतो आणि मेंदू श्वास घ्यायची आठवण कमी कमी वेळा देत असतो. ह्या टप्प्यावर नाडी व्यवस्थित चालू असते. हनुवटी वर उचलून, कुशीवर वळवून, हाक मारून, चिमटा काढून त्याला श्वास घ्यायला लावता येते. पुढे जे काही झाले त्यातला सर्वांत स्वस्त उपाय इथे होता.

एक वाजून पाच मिनिटांनी एकाने त्याला पाणी प्यायला उठवायचा प्रयत्न केला. ओठ निळे होते. मग जे सगळीकडे होते तेच झाले: थोबाडीत मारणे, डोक्यावर थंड पाणी, आणि लिंबू पिळून तोंडात ओतणे. नशा उतरायला लिंबू हा समज गोव्यातच नाही, सगळीकडे आहे. बेशुद्ध माणसाच्या तोंडात ओतलेले काहीही पोटात कमी आणि फुफ्फुसात जास्त जाते. त्याची किंमत पुढे मोजावी लागली.

मग वाद झाला. १०८ ला फोन करायचा की नाही? फोन केला तर पोलीस येतील, खोलीत अजून माल आहे, घरमालक हाकलून देईल. दहा मिनिटे ह्यात गेली. अखेर भाड्याच्या गाडीत मागच्या सीटवर त्याला आडवे टाकून ते निघाले. गाडी चालवणाऱ्याच्या सांगण्यानुसार वाटेत एक-दोनदा त्याच्या घशातून आवाज आला, मग आला नाही. गाडीत कोणी त्याला श्वास दिला नाही, छातीही दाबली नाही. कसे करायचे हे तिघांपैकी कोणालाच माहीत नव्हते.

केंद्राच्या दारात

एक वाजून अठ्ठावीस मिनिटे. रात्रपाळीला एक वैद्यकीय अधिकारी, दोन सिस्टर आणि एक अटेंडंट. एका सिस्टरला मनगटाशी नाडी 'बारीक लागते' असे वाटले. डॉक्टरांनी मानेशी बोटे ठेवली आणि दहा सेकंद पाहिले. खात्री झाली नाही. छाती हलत नव्हती.

पहिला खरा निर्णय इथे आला. नाडी आहे असे धरले तर उपचार फक्त श्वास देण्याचा: अँब्यू बॅगने (हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीने) दर सहा सेकंदांना एक श्वास आणि सोबत नॅलॉक्सोन, म्हणजे ओपिऑइडवरचा उतारा. नाडी नाही असे धरले तर छाती दाबणे सुरू करायचे. डॉक्टरांनी अकरावे सेकंद वाट पाहिली नाही. नाडीबद्दल शंका असेल तर हृदय थांबलेच आहे असे समजून वागायचे, हा नियम आहे आणि तो बरोबरच आहे. मॉनिटर लावल्यावर मिनिटाला तीसच्या आसपास रुंद, मंद ठोके दिसले, पण मानेत नाडी लागत नव्हती. हृदयाची वीज चालू, पंप बंद. अशा तालाला शॉक देऊन उपयोग नसतो, म्हणून डिफिब्रिलेटर फक्त लावून ठेवला गेला.

मित्र दारात उभे होते. काय घेतले ह्यावर आधी उत्तर 'फक्त बीअर' असे आले. मोठ्या सिस्टरनी त्यांना बाजूला घेतले. 'बाबा रे, मी पोलीस न्हय. काय घेतलं ते सांग, नायतर हा जाणार,' असे त्या म्हणाल्या आणि अर्ध्या मिनिटात 'ब्राउन' आणि झोपेच्या गोळ्या ही माहिती मिळाली. कोपराच्या आतल्या बाजूचे सुईचे व्रण त्याआधीच दिसले होते. ग्लुकोमीटरवर साखर पाहिली गेली, ती कमी नव्हती. अशा बेशुद्धीत हे तपासायला पाच सेकंद लागतात आणि ते न तपासल्याने माणसे गेलेली आहेत.

आता डॉक्टरांसमोर चार वाटा होत्या. उताऱ्याचे इंजेक्शन आधी शोधून द्यायचे. श्वासनलिकेत नळी घालायची. रुग्णवाहिकेत टाकून लगेच म्हापसा किंवा बांबोळी गाठायची. किंवा जागेवरच सीपीआर नीट करायचा. त्यांनी शेवटची वाट धरली, आणि माझ्या मते त्या रात्रीचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच. थांबलेल्या हृदयात शिरेतून दिलेले औषध मेंदूपर्यंत पोहोचवणारे कोणी नसते, ते काम दाबणाऱ्या हातांनाच करावे लागते. अमेरिकन हार्ट असोसिएशनच्या २०२० च्या मार्गदर्शनातही हृदय थांबलेल्या ओपिऑइड रुग्णात नेहमीचे पुनरुज्जीवन आधी आणि नॅलॉक्सोन त्यात अडथळा न आणता, असाच क्रम आहे.

सीपीआर 'नीट' म्हणजे इथे श्वासासकट. सर्वसामान्य लोकांना आपण हल्ली फक्त छाती दाबायला शिकवतो, आणि हृदयविकाराच्या झटक्याने अचानक कोसळलेल्या माणसात ते चालते, कारण त्या क्षणी रक्तात प्राणवायू भरलेला असतो. ओपिऑइडमध्ये उलटे असते. श्वास आधी मंदावतो, मग थांबतो, रक्तातला प्राणवायू संपतो, कार्बन डायऑक्साइड साचतो, आणि सगळ्यांत शेवटी उपासमार झालेले हृदय थांबते. तेव्हा नुसती छाती दाबणे म्हणजे रिकाम्या सिलिंडरवर चूल पेटवणे. तीस दाब, दोन श्वास. मिनिटाला शंभर ते एकशेवीस दाब. खोली पाच ते सहा सेंटिमीटर.

पहिल्या दोन श्वासांना छाती उचललीच नाही. तोंडात लिंबूपाणी आणि उलटी होती. सक्शन केले, तोंडात एअरवे (जीभ मागे पडू न देणारी नळी) घातली, एकीने दोन्ही हातांनी मास्क घट्ट धरला, दुसरीने बॅग दाबली, तेव्हा छाती वर आली. नोंदीत ह्याला एकच ओळ आहे: 'एअरवे क्लिअर केली'. मला विचाराल तर मुलगा वाचला तो ह्या ओळीमुळे.

शिरा सगळ्या वापरून कडक झालेल्या होत्या. हातावर दोन प्रयत्न फसले, घोट्याजवळ मिळाली. एक चौतीसला ॲड्रेनालिन १ मिलिग्रॅम, एक अडतीसला पुन्हा तेवढेच. शॉक न लागणाऱ्या तालात ॲड्रेनालिन जितक्या लवकर तितके बरे, त्यामुळे सहा मिनिटांनी मिळालेला पहिला डोस थोडा उशिराच होता. घोट्याची शीर आधीच पाहिली असती तर दोन मिनिटे वाचली असती. एक चाळीसला मानेत नाडी लागली.

उतारा: कधी, किती

नॅलॉक्सोनचे अँप्युल केंद्रात होते. ते कपाटात होते, कपाटाला कुलूप होते आणि किल्ली फार्मासिस्टच्या खोलीत. नार्कोटिक औषधांसोबत त्याचाही हिशेब ठेवायचा म्हणून कोणीतरी कधीतरी ते तिथे ठेवले असावे. खरे तर नॅलॉक्सोनची नशा होत नाही, त्याला कुलपाची गरज नाही. डॉक्टरांनी सीपीआरमधला एकही हात काढून घेतला नाही, अटेंडंटला पाठवले. अँप्युल एक सदतीसला टेबलावर आले, म्हणजे नाडी लागण्याच्या तीन मिनिटे आधी. तरी डॉक्टरांनी ते बाजूला ठेवले.

चर्चेत ह्यावर सर्वांत जास्त वाद झाला. एका ज्येष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे होते की शीर मिळालेली आहे, औषध हातात आहे, तर ०.४ ते २ मिलिग्रॅम देऊन टाकायचे, नुकसान काय? ते चुकीचे म्हणत नव्हते. हृदय थांबलेले असताना नॅलॉक्सोनने परिणाम सुधारतो असे सिद्ध झालेले नाही, पण दाब आणि श्वास न थांबवता दिले तर त्याला आक्षेपही नाही. डॉक्टरांचा विचार वेगळा होता: चार माणसांत अजून एक काम घुसवायचे नाही. मला दोन्ही मान्य आहेत. अमान्य झाले असते ते किल्ली शोधायला डॉक्टर स्वतः गेले असते तर.

नाडी आल्यावर चित्र बदलले. रक्तदाब ९०/५०, नाडी १०४, स्वतःचा श्वास मिनिटाला चार, बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. बाहुल्यांवर फार विसंबू नये हे जाता जाता सांगतो. मेंदूला प्राणवायू खूप कमी पडला की त्या मोठ्याही होतात, म्हणून मोठ्या बाहुल्या दिसल्या तरी ओपिऑइड नाही असे म्हणता येत नाही.

आता उताऱ्याला अर्थ होता. प्रश्न मात्रेचा. पूर्ण ०.४ मिलिग्रॅम एकदम दिले की सवयीच्या रुग्णाला क्षणात तलफेचा झटका येतो: उलट्या, तडफड, रक्तदाब वर, कधी फुफ्फुसात पाणी. नुकत्याच सुरू झालेल्या हृदयाला हे नको होते. डॉक्टरांनी एक अँप्युल दहा मिलिलिटर सलाईनमध्ये पातळ केले, म्हणजे दर मिलिलिटरला ०.०४ मिलिग्रॅम. दर दोन-तीन मिनिटांना एक मिलिलिटर, मध्ये बॅगने श्वास चालू. चार वेळा दिल्यावर श्वास मिनिटाला बारा झाला. मुलगा शुद्धीवर आला नव्हता आणि तो यावा अशी अपेक्षाही नव्हती. ध्येय श्वास होते, डोळे उघडणे नव्हे.

झोपेच्या गोळ्यांवरचा उतारा, फ्लुमाझेनिल, एका सिस्टरनी सुचवला होता. तो केंद्रात नव्हता आणि असता तरी दिला नसता हे बरेच झाले. रोज गोळ्या घेणाऱ्यात त्याने फिट येऊ शकते.

बांबोळीपर्यंत

१०८ ची रुग्णवाहिका दरम्यान आली होती. म्हापसा जवळ, बांबोळी लांब. हृदय थांबून सुरू झालेल्या, छातीत उलटी गेलेल्या रुग्णाला अतिदक्षता लागणार हे उघड होते, म्हणून वाटेत दुसरा थांबा न घेता थेट बांबोळीचे गोमेकॉ (गोवा वैद्यकीय महाविद्यालय) ठरले. खरी पेचाची गोष्ट वेगळी होती: सोबत कोणी जायचे? डॉक्टर गेले तर केंद्रात पहाटेपर्यंत एकही डॉक्टर राहत नव्हता आणि लेबर रूममध्ये एक बाई होती. त्यांनी अनुभवी सिस्टरना पाठवले. पातळ केलेल्या नॅलॉक्सोनची सिरिंज त्यांच्या हातात दिली आणि केसपेपरच्या मागे लिहून दिले: श्वास आठच्या खाली गेला तर आधी बॅग, मग एक मिलिलिटर.

ही चिठ्ठी उपयोगी पडली. दोन दहाला गाडी सुटली. महामार्ग ६६ वर कोलवाळचा पूल ओलांडल्यावर श्वास पुन्हा पाचवर आला. नॅलॉक्सोनचा परिणाम अर्धा ते दीड तास टिकतो. बहुतेक ओपिऑइड त्याहून जास्त वेळ शरीरात असतात. उतारा उतरला की विष पुन्हा वर येते. सिस्टरनी बॅग सुरू केली, दोन वेळा एक-एक मिलिलिटर दिले, श्वास वर आला. लिहून दिलेले नसते तर 'झोपलाय शांत' असे पुन्हा एकदा कोणाला तरी वाटले असते.

पुढचे दिवस

गोमेकॉत पोहोचल्यावर प्राणवायूचे प्रमाण बाहेरून ऑक्सिजन देऊनही ८६ टक्के होते. नळी घालून व्हेंटिलेटर लावला. त्यामुळे उताऱ्याचे ठिबक लावण्याची गरज उरली नाही. एक्स-रेत उजव्या फुफ्फुसात न्यूमोनिया. ताप चढू न देणे, रक्तदाब सांभाळणे आणि वाट पाहणे. मेंदूचे काय झाले ह्याचा अंदाज पहिल्या दिवशी कोणी बांधू नये, नातेवाइकांनी कितीही विचारले तरी. इथे तो बांधला गेला नाही.

लघवीच्या तपासणीत ओपिएट आणि बेंझोडायझेपिन (अल्प्राझोलामसारख्या गोळ्यांचा वर्ग) सापडले. दुसऱ्या दिवशी एका मित्राने खिशातून टॅपेंटाडॉल या ओपिऑइड वेदनाशामकाची पट्टी काढून दिली. सावकाश विरघळणाऱ्या गोळ्या, त्यातल्या तीन गायब. नेहमीची ओपिएट चाचणी मॉर्फिन कुटुंबाला पकडते; टॅपेंटाडॉल, ट्रॅमाडॉल, फेंटॅनिल तिच्या जाळ्यात सहसा येत नाहीत. कोलवाळला श्वास पुन्हा का पडला ह्याचे निदान अर्धे उत्तर त्या पट्टीत होते.

तिसऱ्या दिवशी नळी काढली. तो बोलला, आईला ओळखले. डिसेंबर मात्र त्याला आठवत नाही, आणि दोन महिन्यांनंतरही एका वेळी तीनपेक्षा जास्त ऑर्डर त्याच्या डोक्यात राहत नव्हत्या. स्वयंपाकघरातल्या मुलाच्या दृष्टीने हे लहान नुकसान नाही.

वॉर्डात आईने सांगितले, 'डॉक्टर, त्याला परत त्याच केंद्रात ठेवतो. निदान तिथे जिवंत तरी राहील.' मनोविकार विभागाच्या डॉक्टरांनी तिला न दुखावता समजावले की तिथे राहील तोवर जिवंत राहील, सुटेल तेव्हा पुन्हा हीच रात्र. जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची (हेही ओपिऑइडच) गोळी रोज, हा पर्याय मांडला. 'म्हणजे एक नशा सोडून दुसरी?' हा प्रश्न थोरल्या भावाने विचारला आणि तो प्रत्येक घरात विचारला जातो. डॉक्टरांचे उत्तर थेट होते: हे औषध तलफ दाबते, एका मर्यादेनंतर श्वास आणखी दडपत नाही, आणि ते घेणारे ओव्हरडोसने कमी मरतात. भाऊ पटला, आई अजून पूर्ण पटलेली नाही.

काय वेगळे करता आले असते

पोलिसांच्या भीतीने गेलेली दहा मिनिटे. ही भीती पूर्ण निराधार नाही. एनडीपीएस या अमली पदार्थविरोधी कायद्याच्या कलम २७ नुसार सेवन हाही गुन्हा आहे, आणि अशा रुग्णाची नोंद दवाखान्यात वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण म्हणून होते. पण उपचाराला स्वतःहून येणाऱ्या व्यसनी व्यक्तीला खटल्यापासून सूट देणारे कलम ६४ अ त्याच कायद्यात आहे, आणि आणीबाणीच्या रुग्णाला आधी वाचवायचे, कागद नंतर, हे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा प्रकरणात १९८९ सालीच ठरवून दिले आहे. रस्ता अपघातात मदत करणाऱ्याला २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याचे संरक्षण आहे. ओव्हरडोससाठी तसे कलम नाही. ते असायला हवे असे मला वाटते. तोवर शॅकमधल्या मुलांना सांगण्यासारखे एवढेच की १०८ ला 'बेशुद्ध आहे, श्वास घेत नाही' एवढे सांगितले तरी गाडी निघते.

केंद्राने नॅलॉक्सोन कपाटातून काढून आणीबाणीच्या ट्रेमध्ये, ॲड्रेनालिनशेजारी ठेवले. पातळ करण्याचे प्रमाण ट्रेच्या झाकणावर चिकटवले. रात्रपाळीच्या सगळ्यांकडून मास्क दोन हातांनी धरण्याचा सराव करून घेतला गेला; माझ्या अनुभवात हा सराव सगळेच टाळतात, कारण छाती दाबणे जास्त 'खरे' वाटते.

आणि घर. ओव्हरडोस समोर घडताना पाहण्याची शक्यता ज्यांना आहे अशा सामान्य लोकांच्या हाती नॅलॉक्सोन असावे, अशी शिफारस जागतिक आरोग्य संघटनेने २०१४ मध्ये केली. आपल्याकडे नाकात मारायचा फवारा सहज मिळत नाही, अँप्युल डॉक्टरच्या चिठ्ठीवर मिळते. थोरल्या भावाला दोन अँप्युल आणि सिरिंज लिहून दिल्या. मांडीत इंजेक्शन कसे द्यायचे, त्याआधी हनुवटी उचलून तोंडाने श्वास कसा द्यायचा, आणि इंजेक्शननंतर तो उठून बसला तरी त्याला दवाखान्यात आणायचेच, हे सिस्टरनी त्याच्याकडून तीनदा करून घेतले. पहिल्या खेपेला त्याने सुई आधी उचलली, तेव्हा त्यांनी ती त्याच्या हातातून काढून घेतली आणि पुन्हा हनुवटीपासून सुरू करायला लावले.